जॅकवेलातले तीन झटके

इथले अनुभव मी दोन वर्षं वाचतोय, आणि खरं सांगायचं तर खाली कमेंटमध्ये निम्म्या लोकांना मीच छळलंय. "फोटो कुठंय?", "किती घेतली होती?", "दुसरं कुणी साक्षीला होतं का?"... असले प्रश्न टाकणारा तो मीच. आज माझी पाळी आहे. हाणा खुशाल.

आमच्या घरात भूत, देवरुषी, अंगात येणं यातलं काहीच चालत नाही. आजोबांनी धम्म घेतला तेव्हाच ही सगळी भानगड उंबऱ्याबाहेर गेली. बावीस प्रतिज्ञा माझ्या जन्माच्या आधीपासून आमच्या भिंतीवर आहेत आणि मला त्या पाढ्यांच्या आधी पाठ झाल्या. त्यात माझा स्वभाव मुळातला संशयी. बायको म्हणते, "तुम्ही मेथीची जुडीसुद्धा सोडून बघता, आत दगड बांधलाय का म्हणून." बघतोच. एकदा निघाला होता.

धंद्याने मी पाणबुड्या आहे. बीड जिल्ह्यातला पाणबुड्या म्हटलं की लोक आधी हसून घेतात... "प्यायला पाणी न्हाई अन् तुमी बुडायला कुठलं आणता?" बरीच वर्षं समुद्रावर जहाजांच्या बुडाखाली काम केलं, आता तलवाड्याला घरी राहून मराठवाड्यातल्या तळ्यांची दारं, जाळ्या, पाणीपुरवठ्याच्या विहिरी साफ करतो. जोडीला माझा मेहुणा सचिन. रेखाचा, म्हणजे माझ्या बायकोचा, धाकटा भाऊ. मूळचा आष्टीचा, वय एकतीस, पाण्यात माझ्यापेक्षा सरस आणि डोक्याने जरा घाईचा. तो पहिल्यांदा माझ्याबरोबर पाण्यात उतरला त्या दिवशी रेखा मला एकच वाक्य बोलली होती, "नेताय तर आणायचा बी तुमीच." ते वाक्य मी दरवेळी बरोबर घेऊन उतरतो.

तर या सचिनने दोन वर्षांपूर्वी गोव्याच्या एका डायव्हरकडून जुना रिब्रीदर घेतला. माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. साध्या सिलेंडरवर आपण सोडलेला श्वास बुडबुडे होऊन निघून जातो. रिब्रीदरमध्ये तोच श्वास फिरून परत येतो. मधे एक डबा असतो, त्यात चुन्याच्या जातीचे पांढरे दाणे. ते श्वासातला कार्बन डायऑक्साइड धरून ठेवतात, मशीन त्यात थोडा ऑक्सिजन घालते आणि पुन्हा तुमच्या तोंडात. बुडबुडे नाहीत, आवाज नाही, आणि हवा खूप वेळ पुरते.

मला ते मशीन पहिल्या दिवसापासून आवडलं नाही. साधा सिलेंडर संपत आला की श्वास ओढायला जड जातं, तो सांगून जातो. हे मशीन सांगत नाही. ऑक्सिजन कमी पडला तर माणूस मजेत झोपी जातो, जास्त झाला तर फीट येते. आणि दाणे कामातून गेले तर श्वास फुलतो, डोकं फिरतं, आणि त्या फिरलेल्या डोक्यानेच आपला जीव आपण वाचवायचा असतो. मी सचिनला हे शंभरदा ऐकवलं.

"दाजी, तुमी लई भिता. शिकून वापरलं तर काई होत न्हाई."

"शिकलेलेच मरतात बे. अडाणी माणूस पाण्यात उतरतच न्हाई."

शेवटी तडजोड झाली. मी एक यादी केली, कागदाच्या दोन्ही बाजूंनी, प्लास्टिकमध्ये घालून. ऑक्सिजनचे सेन्सर, नळ्या, बॅटरी, दाण्यांचा डबा, बाजूला लटकवलेला साधा सिलेंडर... मशीन दगा देईल तेव्हा तोंडात घ्यायला. प्रत्येक ओळ मी मोठ्याने वाचायची, त्याने हात लावून दाखवायचं. उतरण्याआधी पाच मिनिटं काठावर बसून मशीनवर श्वास घ्यायचा आणि मी त्याच्या तोंडाकडे बघत राहायचं. एवढं केल्यावर मला वाटलं, आता कुठून काय येणार?

मागच्या उन्हाळ्यात वडवणीकडचं एक काम आलं. गाव सांगत नाही. तळ्यात पाणी होतं पण गावात येत नव्हतं. तळ्याच्या कडेला जॅकवेल आहे, म्हणजे मोटारी बसवलेली सिमेंटची खोल गोल विहीर, पन्नास फूट तरी असेल. तिच्या तळातून एक जुना विटांचा बोगदा तळ्याच्या पोटात जातो. तो कुठंतरी तुंबला होता आणि गाव दहा दिवस टँकरवर होतं. बोगदा एवढाच की माणूस आडवा होऊन सरकेल. साध्या सिलेंडरने गेलं की बुडबुडे छताला लागतात, वरचा गाळ सुटतो आणि डोळ्यासमोरचा हात दिसत नाही. म्हणजे काम रिब्रीदरचंच होतं, मी कितीही नाक मुरडलं तरी.

दोर धरायला आबा होते. आबा म्हणजे माझे वडील. सत्तरी ओलांडली, पण सगळा जन्म विहिरी खोदण्यात गेलेला, तळहात अजून लाकडासारखे. दोराच्या बाबतीत मला त्यांच्याशिवाय कुणाचा भरवसा नाही. आमच्या खुणा ठरलेल्या होत्या. एक झटका म्हणजे ठीक आहे, दोन म्हणजे दोर आणखी सोडा, चार म्हणजे वर ओढा. तीन आम्ही ठेवलाच नव्हता. थंडीने गारठलेला माणूस तीन देतो का चार, यात घोळ नको म्हणून.

सकाळचे अकरा वाजले होते. मी मोटारींचे फ्यूज स्वतः काढले आणि खिशात घातले. ऑपरेटर म्हणाला, "सायेब, मी हाय की इथं." म्हटलं, तू आहेस म्हणूनच काढले. सरपंच सारखा विचारत होता किती वेळ लागेल, तोही मला संशयास्पद वाटत होता... कशाबद्दल ते विचारू नका. यादी पूर्ण वाचली. दाण्यांचा डबा सचिनने सकाळी घरीच भरला होता, माझ्यासमोर, माझ्याच हातचं "नवीन माल" लिहिलेल्या मोठ्या डब्यातून. पाच मिनिटं श्वास घेऊन झाला. रंग चांगला, डोळे चांगले, उलट मलाच डोळा मारला त्याने. साडेअकराला तो पाण्याखाली गेला.

माझी जागा विहिरीच्या आतल्या लोखंडी शिडीवर, पाण्याच्या पातळीला, साधा सिलेंडर चढवून तयार. आबा वर कठड्याशी. दोर माझ्या खांद्याजवळून पाण्यात जात होता. त्यावर दर मीटरला मी लाल चिंधी बांधलेली आहे, किती गेला ते कळावं म्हणून.

तळाला पोचल्याचा एक झटका आला. मग दोर हळूहळू सरकला आणि थांबला. तीन मिनिटं, चार मिनिटं...

"पर्काशा, दोर पुढं जाईना," आबा वरून म्हणाले.

"काम करत असेल."

पण मला ते पटलं नव्हतं. मी दोराकडेच बघत होतो. अगदी डोळ्यांच्या रेषेत एक लाल चिंधी होती, पाण्याच्या वर वीतभर.

ती चिंधी खाली गेली.

सर्रकन नाही. माणूस दम घेऊन दोराला हिसका देतो तशी. दोर ताणला, चिंधी पाण्यात बुडाली, सैल पडला, चिंधी वर आली. मग दुसऱ्यांदा. मग तिसऱ्यांदा, आणि या वेळी दोरावरचं पाणी माझ्या तोंडावर उडालं. मी चौथ्याची वाट बघत राहिलो. चौथा आला नाही.

वरून आबा ओरडले. त्यांचा तसा आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. "हवा खराब हाय! पर्काशा, खाली हवा खराब हाय! काढ त्याला!"

पाण्याखाली कसली हवा खराब, असं मनात आलंसुद्धा. आबांनी दोर ओढला, तो घट्ट, हलेना. मग मी काही विचार केला नाही. तोंडात नळी धरली आणि गेलो.

तळाला पोचलो. दोर हाताने चाचपत गेलो आणि टोकाला सचिन नव्हता. दोर शिडीच्या शेवटच्या पायरीला बांधलेला होता. दोन फेरे, त्यावर गाठ, सचिनचीच गाठ. त्याच पायरीपासून त्याची परतीच्या वाटेसाठीची बारीक पांढरी दोरी बोगद्यात गेलेली. पुढे कळलं ते असं, की बोगद्याच्या तोंडाशी जुन्या जाळीच्या गजांत दोर अडकायला लागला म्हणून पठ्ठ्याने तो सोडून पायरीला बांधला आणि नुसत्या बारीक दोरीवर आत शिरला. मला न सांगता. यादीत हे बसत नव्हतं ना.

मी आत घुसलो. माझे बुडबुडे छताला लागले आणि गाळ खाली आला, पाण्याचं अंबील झालं. डोळे मिटून दोरीवर हात सरकवत गेलो. किती आत गेलो नक्की सांगता येणार नाही, बारा-पंधरा मीटर असेल. हाताला त्याच्या पायातली फिन, पोहायचा रबरी पंखा, लागली. फिन जोरजोरात हलत होती, आणि सचिन बाहेर येत नव्हता, तो अजून आत जात होता. पाय धरून ओढला तर त्याने मला लाथ घातली. त्याच्या छातीवर हात ठेवला तर भात्यासारखी चाललेली. मशीनची नळी त्याच्या दातांतून सुटेना. तिचा खटका बंद केला, ती उपसून काढली, बाजूच्या सिलेंडरची नळी कोंबली आणि त्याने ती एकदाची धरली, तेवढं मला आठवतं. बाकीचं आठवत नाही. रेखाचं ते वाक्य मात्र कानात होतं.

वर आल्यावर तो ओकला. डोकं धरून बसला. ओठ काळेनिळे. दहा मिनिटं ऑक्सिजन लावल्यावर पहिले शब्द बोलला ते हे, "दाजी, कावून आलात? मी ठीक हुतो की."

"तू दोर ओढलास ना?"

"मी? दोर तर मी सोडलता."

मी सरळ उठलो आणि ऑपरेटरची कॉलर धरली. म्हटलं मोटार चालू केली याने, पाण्याच्या ओढीने दोर हलला. तो बिचारा लिंबाखाली सरपंचाबरोबर चहा पीत होता. फ्यूज माझ्याच खिशात होते, तिन्ही. नंतर मी त्याची माफी मागितली, पण तो अजून माझा फोन उचलत नाही.

सचिनला बीडला दवाखान्यात एक दिवस ठेवलं. डॉक्टर म्हणाले, अजून पाच मिनिटं असता तर अवघड होतं. परत येताना गाडीत मी आबांना विचारलं, "तुम्ही हवा खराब हाय असं का ओरडलात?"

आबा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "आमच्यात तीन झटक्यांचा तोच अर्थ हाय. जुन्या हिरीत माणूस उतरला अन् आत वायू लागला, तोंडानं वरडता येईना, तर तीन झटके. म्हंजी हवा खराब, ओढा. तुमच्या चारात ते न्हाई."

"हे सचिनला सांगितलं होतं कधी?"

"कशाला सांगू? तू चार म्हणला, मी चार धरले."

मलाही ते माहीत नव्हतं. आबांनी मला विहिरीच्या कामाला कधी जवळ येऊ दिलं नव्हतं. मी शिकावं म्हणून.

घरी येऊन मी मशीन उघडलं. सेन्सर ठीक, ऑक्सिजन ठीक. राहिला दाण्यांचा डबा. मला खात्री होती, माल भेसळीचा आहे. विकणाऱ्याला फोन लावून असं काही बोललो की इथं लिहिता येणार नाही. बोलता बोलता डबा कागदावर ओतला... आणि थांबलो. पांढऱ्या दाण्यांत ज्वारीचे दोन दाणे होते. आणि एक हिरवा धागा, साडीचा.

फोन ठेवला. रेखाला हाक मारली. म्हटलं, मागे सरावानंतर मी वापरलेले दाणे परसात बारदान्यावर ओतले होते, पुरायचे म्हणून. तुला विचारलं होतं, तू म्हणालीस आबांनी उचलले. कुठे टाकले?

"टाकतील कशाला? स्लॅबवर वाळत घातलते की, माझ्या जुन्या साडीवर, ज्वारीशेजारी. वाळल्यावर तुमच्या डब्यात भरले. का हो?"

"काही नाही," मी म्हणालो.

आबांनी आयुष्यात कधी काही वाया घालवलं नाही. ओलं झालेलं धान्य वाळवून पुन्हा कणगीत जातं, हे त्यांना माहीत. हे दाणे वाळले की दिसायला नव्यासारखेच होतात, पण गॅस धरायची त्यांची ताकद परत येत नाही. काठावर बसून पाच मिनिटं श्वास घेताना काही कळत नाही, अंगाला कष्ट पडले की मग घात होतो. मी ऑपरेटरवर संशय घेतला, सरपंचावर घेतला, गोव्याच्या माणसावर, दुकानदारावर घेतला. कामाच्या आठवड्यात तो नव्या मालाचा मोठा डबा उचलताना मला जरा जड लागला होता. तेव्हा एकदाही झाकण काढून विचारलं नाही की हा भरला कसा. घरातला डबा ना!

आबांना मी परसात नेऊन सांगितलं. ते ओट्यावर बसले ते बसलेच. दोन्ही तळहात उलटसुलट करून बघत राहिले. "हाताला चुन्यासारखं लागलतं रे," म्हणाले. "म्या मारलं असतं पोराला. रेखाच्या भावाला म्या मारलं असतं." मी त्यांना रडताना पहिल्यांदा बघितलं आणि मला कुठं जावं कळेना.

आता तुमच्यासारखाच मीही विचार केला... म्हाताऱ्याला आधीच कळलं असेल, दाणे कसले ते, म्हणून झटक्यांचं नाटक केलं. पण नाटक करायचं तर ते चार झटके म्हणाले असते. आणि ती चिंधी मी बघितली. दोर वरून ओढला तर चिंधी वर जाते, ती खाली गेली होती. तरी महिन्याभराने मी पुन्हा तिथं उतरलो, साधा सिलेंडर लावून. दोर त्याच पायरीला, त्याच गाठीने. बोगद्यातून बारीक दोरी जिवाच्या आकांताने ओढली. वर आबांच्या हाताला काही लागलं नाही. शिडी लाथांनी हाणली, काही नाही. मोटार चालू करून बघितली, दोर थरथरला, पण झटका नाही. मोठा मासा म्हणाल तर जॅकवेलात हाताच्या पंजाएवढे मासे होते. आणि मासा दम घेऊन तीनदा मारत नाही. सचिनला तीन झटक्यांचा अर्थ माहीत नव्हता, आणि तो पायरीपासून पंधरा मीटर लांब, उलट्या दिशेला चालला होता. त्या पाण्यात माझ्याआधी दुसरं कुणी नव्हतं. नव्हतं एवढंच मी सांगू शकतो.

सचिनला सगळं सांगितलं. तो हसला, म्हणाला, "ताईला सांगू नका दाजी, आबांची भाकर बंद करील." मग आम्ही तिघांनी ठरवून टाकलं, मशीन बिघडलं होतं. एवढंच रेखाला माहीत होतं. आबा मात्र त्यानंतर सचिन आला की उठून मागच्या दाराने शेताकडे जायचे. रेखाला वाटायचं, भाऊ काहीतरी बोलला असेल.

परवा सचिन आला. त्याला त्याच मशीनवर दुसऱ्या कामाला उतरायचं आहे. रेखाने मला चुलीपुढे उभं केलं आणि विचारलं, "मला खरं सांगा. त्या मशीनमधी नक्की काय बिघडलतं? आता ते नीट हाय का? मी भावाला हो म्हणू का न्हाई?"

आता यावर खोटं कसं बोलणार? तिच्या भावाच्या जिवाचा प्रश्न होता. मशीन बिघडलं म्हणालो तर खोटं, नीट होतं म्हणालो तर मग काय झालं ते सांगावं लागणार. सांगितलं सगळं. स्लॅब, साडी, ज्वारी, सगळं. ती भाकरी थापायची थांबली. तवा जळायला लागला तरी हलली नाही. मला वाटलं, आता या घराचे दोन तुकडे झाले.

मग हात धुऊन ती बाहेर गेली. आबा मागच्या दाराने निघालेच होते, चप्पल एका पायात होती. ती त्यांच्यासमोर उभी राहिली. "आबा, मला लई राग आलाय तुमचा," ती म्हणाली. "पण दोर तुमच्या हातात हुता म्हणून माझा भाऊ आज आत बसून जेवतोय. तुमी बी चला जेवाया."

आबांनी पायातली चप्पल काढली.

"माझ्या हातात हे टोक हुतं, पोरी," ते म्हणाले. "त्या टोकाला कोन हुतं?"

तिने माझ्याकडे बघितलं.